माझ्या बुंध्याची मूठभर माती

मित्रांनो, स्वतःविषयी बोलायचे म्हटले की मला फार संकोच वाटतो. वेलीला बोलायची सवय नसते, धरून राहायची असते. पण आता माझी एक बाजू विरळ होत चालली आहे. सांगायचे ते राहून गेले तर माझे काही बिघडणार नाही, पण कुठल्या तरी लहान रोपांचे बिघडेल, म्हणून धीर करते. मी मिरीची वेल आहे. बरीच म्हातारी. तुमच्या स्वयंपाकघरातल्या मिऱ्यांच्या डबीत एखादा दाणा माझाही असेल. नसेलही. उगीच मोठेपणा नको.

एका पांगाऱ्याच्या खोडाला धरून मी उभी आहे. समोर अंगण आहे. अंगणाच्या कडेला पत्र्याची शेड, शेडमध्ये एक लांब लाकडी बाक, पाण्याचे निळे पिंप आणि रोपांसाठी आणलेल्या काळ्या पिशव्यांचे गठ्ठे. शेडच्या मागून ओढा जातो आणि ओढ्यापलीकडे एक उतार आहे. एवढेच माझे जग. पांगारा स्वभावाने अबोल. इतकी वर्षे मी त्याच्या गळ्यात पडून काढली, पण त्याने एकदाही ‘कशी आहेस’ म्हणून विचारले नाही. मात्र कधी पडूही दिले नाही.

या घरात दोन बायका आहेत, सासू आणि सून. मी मनातल्या मनात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते. मला लावले ते थोरलीच्या सासूने. थोरली तेव्हा नवी नवरी होती आणि माहेरच्या आठवणीने सारखी डोळे पुसत होती. जुन्या विहिरीजवळ माझी आई उभी होती. तिचा फाटा तोडून सासूबाईंनी इथे खड्डा खणला आणि मग परत जाऊन आईच्या बुंध्याशी वाकल्या. तिथली मूठभर माती घेऊन आल्या आणि माझ्या खड्ड्यात टाकली.

“लेकरू परक्या घरी चाललंय,” त्या म्हणाल्या. “आईची माती बरोबर दिली की रुजतं. तुझ्या आईनंही तुला दिली असती तर बरं झालं असतं. माझा पदर तरी कोरडा राहिला असता.”

थोरली रडता रडता हसली. आणि त्या घरातली रीत तिने त्या दिवशी उचलली, ती कायमची.

ती जमीन तेव्हा नुकतीच मोकळी केलेली होती. माती भुसभुशीत, मुळांना कोणी अडवत नव्हते. मी पांगाऱ्यावर चढले, त्याच्या पहिल्या फांदीपर्यंत, मग दुसऱ्या. माझे घोस बोटाहून लांब येऊ लागले. दाणे वाळवायला अंगणात पसरले की हिरव्याचे काळे होत आणि त्यांचा वास थेट शेडपर्यंत जाई. लांबून लोक बघायला येत. एक व्यापारी तर माझ्यापुढे उभा राहून नुसता शिंकला होता आणि म्हणाला होता, “माल चांगला आहे, नाकाला कळलं.” कौतुक कोणाला आवडत नाही? मीही वाऱ्यावर जरा जास्तच हलत असे.

पुढे एका वादळात, माझी आई ज्याला धरून होती ते विहिरीजवळचे झाड उन्मळून पडले आणि त्याच्याबरोबर माझी आईही गेली. लांब घोसांचे आमचे वाण होते, ते आता माझ्यापुरतेच उरले. तेव्हापासून एक इच्छा माझ्या मनात येऊन बसली. आपले एखादे लेकरू उभे राहावे. शेजारच्या झाडावर नको, पलीकडच्या उतारावर का होईना. आपल्याला दिसेल एवढ्या अंतरावर.

याच सुमाराला घराला आले लावायची हौस आली. बेणे बाहेरून आणले, माझ्या जवळच वाफे केले. मी तोवर भरात आलेली मोठी वेल होते. त्या वर्षी माझ्या मुळांत काहीतरी शिरले. किती बारीक म्हणून सांगू? धाग्याचा तुकडा त्यापुढे दोरखंड वाटावा. मुळांना गाठी आल्या. पाने काही दिवस मलूल झाली. पण माझा मुळांचा पसारा मोठा होता. एक मूळ अडले तर दुसरे पाणी आणून देई, आणि गेलेल्यांच्या जागी मी नवी काढी. आल्याचे पीक खुरटे निघाले म्हणून घराने ते पुन्हा लावले नाही आणि विसरून गेले. मीही विसरले. मला वाटले, वय झाले, अंग दुखणारच.

दर वर्षी माझ्या बुंध्यापासून लांब फाटे सुटतात. ते जमिनीवरून धावतात आणि जिथे टेकतात तिथे मुळे धरतात. थोरली त्यांचे तुकडे करी, पिशव्यांत लावी आणि मग तो मानाचा क्षण येई. ती पदर खोचून माझ्यापाशी वाके, बुंध्याची माती मुठीत घेई आणि एकेका पिशवीत टाकी. “आईची माती घे गं,” असे प्रत्येकीला म्हणे. ते ऐकायला मी वर्षभर थांबलेली असे. मला हात नाहीत. लेकराला जाताना द्यायला माझ्याजवळ तेवढेच होते.

रोपे उतारावर जात. धाकटी लग्न होऊन आल्यावर तर ती फारच उत्साहाने जाऊ लागली. चार पाने फुटली की ही लावायला निघालीच. इथून मला ती रोपे दिसत, वेलींसाठी रोवलेल्या खांबांच्या पायथ्याशी हिरव्या ठिपक्यांसारखी. मी त्यांच्या चढण्याची वाट पाहत असे. पण ठिपके हिरवे राहत नसत. पिवळे होत, मग दिसेनासे होत. पुढच्या वर्षी पुन्हा नवे. पुन्हा पिवळे.

“तुझा हात जड आहे गं,” थोरली एकदा म्हणाली. “तुझ्या हातचं काही जगत नाही.”

“हात जड असता तर पाठीला तेल लावताना ओरडला असतात की, आई,” धाकटी म्हणाली. “तेव्हा तर झोपून जाता.”

“झोप नाही ती. सोसते मी.”

दोघी हसल्या. पण नंतर धाकटी एकटीच माझ्यापाशी आली आणि माझ्या पानावर अंगठा फिरवत राहिली. तिने मला काही विचारले नाही. मला मात्र वाटले की ती विचारते आहे.

मग तो दिवस आला. थोरलीचा मुलगा, म्हणजे धाकटीचा नवरा, पिकअप उभी करून आला आणि बाकावर टेकला.

“वीटभट्टीवाला पुन्हा भेटला,” तो म्हणाला. “त्याला उताराची माती पाहिजे. मी म्हटलं, या वर्षी बघू. या वेळची रोपं जगली नाहीत, तर देऊन टाकू.”

“माती काढल्यावर उतार उरेल का, अहो?” धाकटीने विचारले. “नुसता खडक राहील तिथं.”

“आत्ता तरी काय आहे? खांब आहेत नुसते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, मी खांबांची शेती करतो.”

धाकटी हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिले. माझी पांगाऱ्याच्या मागची बाजू तेव्हाच विरळ व्हायला लागली होती. “आणि ही गेली म्हणजे?” ती म्हणाली. “असलं वाण मग कुठून आणायचं?”

मित्रांनो, आपल्या जाण्याविषयी कोणी आपल्यासमोर बोलले की कसे वाटते, ते तुम्हाला अजून ठाऊक नसेल. मला भीती वाटली नाही. घाई झाली.

त्या वर्षी फाटे तोडायची वेळ आली आणि थोरली नेमकी गुडघ्याच्या औषधासाठी बहिणीकडे गेली होती. धाकटीने उताराच्या वरच्या अंगाची माती आणि ओढ्याची वाळू मिसळून पिशव्या भरल्या, तुकडे लावले आणि शेडसमोर रांगा मांडल्या. माझ्या बुंध्याची माती मात्र तिने घातली नाही. तो मान थोरलीचा होता, आणि सासूचा मान परस्पर घेणारी सून ती नव्हे. थोरलीचा मुक्काम लांबला. रोपांना मुळे फुटली, पाने आली. शेवटी थोरली परतली ती काठी टेकत.

“एकीलाही दिली नाहीस?” ती म्हणाली. “पोरकी ठेवलीस होय?”

“तुमच्याशिवाय कशी देणार?”

थोरली सुखावली. लगेच वाकली. पुढच्या रांगांना एकेक मूठ देता देता तिच्या गुडघ्यात कळ आली. “आई गं! उरलेल्यांना उद्या,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी गुडघा आणखी सुजला, तिसऱ्या दिवशी पाहुणे आले, आणि तो उद्या काही उजाडला नाही. मागच्या रांगा तशाच राहिल्या. मला वाईट वाटले. आपल्या अर्ध्या लेकरांना आपण काहीच दिले नाही, असे मनाला लागून राहिले.

काही आठवड्यांनी पुढच्या रांगा पिवळ्या पडू लागल्या. मागच्या मात्र तुकतुकीत हिरव्या.

धाकटी तिथे बराच वेळ उकिडवी बसून होती. एकदा पुढच्या रांगेकडे पाही, एकदा मागच्या. मग तिने माझ्या बुंध्याकडे पाहिले आणि पटकन मान फिरवली. तिला काय कळले ते मला कळले नाही. तिने ते कोणाला सांगितलेही नाही. सासूच्या मायेवर बोट कसे ठेवायचे, हा तिच्यापुढे प्रश्न असावा.

“मागच्यांना सावली जास्त मिळते,” थोरली स्वतःहूनच म्हणाली. तिलाही दिसत होते तर.

शेवटी धाकटीने माती तपासणाऱ्या बाईंना बोलावून आणले. बाई आल्या, चपला काढून पिशवीत ठेवल्या आणि धुतलेले रबरी बूट घातले. थोरली कुजबुजली, “सोवळं दिसतंय फार.” बाईंनी एक पिवळे रोप उपटले, मुळे पिंपाच्या पाण्यात धुतली. मग एक हिरवे. मग माझ्यापाशी येऊन त्यांनी विचारले, “काकू, हिचं थोडं खणू का?”

“तिला कशाला? ती धडधाकट आहे. बघा की केवढी वाढली आहे.”

“थोडंच. दुखवणार नाही.”

दुखले नाही. माझे एक बारीक मूळ त्यांनी तळहातावर घेतले आणि पिवळ्या रोपाच्या मुळाशेजारी ठेवले.

“हाताला काही लागतंय का बघा,” त्या म्हणाल्या.

थोरलीने बोट फिरवले. “गाठी आहेत.”

“आणि हिच्या मुळाला?”

थोरलीने पुन्हा बोट फिरवले आणि ते तिथेच थांबले.

“सूत्रकृमी म्हणतात यांना,” बाई म्हणाल्या. “डोळ्यांना न दिसणारे किडे. मुळात शिरतात, त्यानं गाठी येतात. हिच्या मुळांत आहेत, म्हणून हिच्या मातीतही आहेत.”

“मग ही का नाही मेली?”

“वय आहे ना तिचं. मुळांचा केवढा पसारा आहे. थोडी गेली तरी तिचं भागतं. आता कुठं जरा थकली आहे. या पिल्लाकडे चारच मुळं, आणि तीच धरली. मग त्यानं प्यायचं कशानं? ज्या तापात आपण उठून काम करतो, तोच ताप तान्ह्या बाळाला झाला तर?”

हे किडे आले कुठून, ते आपल्याला सांगता यायचे नाही, असेही बाई म्हणाल्या. पण थोरलीच्या तोंडून हळूच निघाले, “आलं.” आणि मग, “बाहेरचं बेणं होतं ते.”

शेडमध्ये पिंपाच्या नळाचे पाणी ठिबकत होते.

“म्हणजे दर वर्षी मीच,” थोरली म्हणाली. “या हातांनी.”

“तुम्ही मायेनं दिलंत, आई,” धाकटी म्हणाली.

“मायेनं दिलं म्हणून तर एकीलाही चुकवलं नाही.”

ती काठी टेकत आत गेली. त्यानंतर किती तरी दिवस ती माझ्याकडे फिरकली नाही. रोज संध्याकाळी माझ्या खोडाला पाठ लावून बसणारी बाई अंगणात यायची, पण त्या टोकाला. माझ्याकडे पाठ करून. मी तिला बोलावू शकत नव्हते. तिचे दुःख मला समजत होते, कारण ते माझेही होते. देण्यासारखे जे एकच माझ्याजवळ होते, तेच लेकरांना बाधत होते.

धाकटी मात्र कामाला लागली. पिवळ्या रांगा तिने पिशव्यांसकट दूर नेऊन जाळल्या. हिरव्या रांगांना अजून जागा पाहिजे होती. उताराच्या वरच्या अंगाची, जिथे कधी रोप लावले नव्हते तिथली माती तिने आणली. अंगणात फरशीवर पातळ पसरली, ओली केली आणि वर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा दाबून टाकल्या. कडक उन्हात ती माती आतल्या आत चांगली शेकून निघाली. त्या मातीने मोठ्या पिशव्या भरल्या, आणि हिरवी रोपे त्यांत हलवली. पिशव्या जमिनीवर नाही, बाकावर ठेवल्या. माझे नवे फाटेही तिने मातीला टेकू दिले नाहीत. खुंट्या ठोकून त्यांवर गुंडाळून ठेवले आणि त्यांचे तुकडेही त्याच मातीत लावले.

मग ती थांबली. हेच तिला सगळ्यांत अवघड गेले असावे.

“लावायची कधी?” नवरा विचारी. “भट्टीवाला रोज फोन करतोय.”

“रोपं अजून पोरं आहेत. मुळं पिशवीभर होऊ दे. बाई म्हणाल्या, तिकडेही थोडे किडे असतीलच, पूर्वीच्या रोपांबरोबर गेलेले. ते काही सगळे जात नाहीत. पण रोप मोठं होऊन गेलं तर सोसतं.”

“मला कोणी इतकं सांभाळलं नाही. थेट कामाला जुंपलं.”

“म्हणून तर सारखे पिवळे पडता, अहो.”

आत बसलेल्या थोरलीचा हसण्याचा आवाज आला. खूप दिवसांनी आला. मी पानन्‌पान कान करून ऐकला.

ढग भरून आले आणि लावणीचा दिवस ठरला. धाकटीने एक पिशवी फाडून पाहिली. मुळांनी माती अशी धरली होती की गोळा हातात घेतला तरी सुटत नव्हता. जुन्या खड्ड्यांपासून लांब, वरच्या अंगाला तिने नवे खड्डे घेतले होते. रोपे पाट्यांत भरून ती निघाली, तेव्हा थोरली बाहेर आली.

ती सरळ माझ्याकडे आली. माझ्या खोडावर हात ठेवला. मग, इतक्या वर्षांची सवय, दुखऱ्या गुडघ्याने ती वाकली आणि माझ्या बुंध्याची माती तिच्या मुठीत गेली.

धाकटी पाटी घेऊन तशीच उभी राहिली. मला वाटले, आता हिने बोलावे. आणि मला वाटले, हिने बोलू नये.

थोरलीने मुठीकडे पाहिले. बोटे उघडली. माती जिथली तिथे पडली. मग ती पिंपाशी गेली, हात धुतले, काडीने नखे कोरून पुन्हा धुतले, आणि पायांवरही पाणी घेतले.

“काय बघतेस?” ती सुनेला म्हणाली. “चल. पोरी मोठ्या झाल्यात, आता जातील तशाच.”

दोघी ओढा ओलांडून गेल्या. माझ्या मातीचा एक कणही त्यांच्याबरोबर गेला नाही. मी पाहत राहिले.

मित्रांनो, त्या जगल्या. सगळ्या नाहीत, पण पुष्कळ. भट्टीवाल्याला नाही म्हणून सांगितले. उतारावरचे ठिपके आता ठिपके राहिले नाहीत, खांबांना बिलगलेल्या उभ्या रेघा झाल्या आहेत. वारा तिकडून आला की मी ताठ होते. एखाद्या पानाचा वास ओळखीचा वाटतो. मग वाटते, हा माझाच असेल. खात्री देता येत नाही.

तुम्ही कधी रोप लावाल, तर माझे एवढे ऐका. म्हातारीला जे सोसते ते तान्ह्याला सोसेलच, असे समजू नका. ज्या मातीत एक झाड हिरवेगार उभे आहे, ती माती दुसऱ्याच्या कोवळ्या मुळांना बाधू शकते. लहानपणी त्यांना स्वच्छ माती द्या आणि थोडी वाट पाहा. मुळे भरली की ती आपली आपण सोसतील. आणि मोठ्या झाडाची आठवण आली तर त्याला भेटून या, पण हातपाय धुऊन मगच लहानांकडे जा. मोठ्याला त्याचा राग येत नाही. मी सांगते ना.

या घराचा आता नवा क्रम आहे. सकाळी आधी उतारावर जायचे, तिथले काम संपले की मग माझ्याकडे यायचे. माझ्याकडून तिकडे कोणी जात नाही. सगळ्यांत शेवटी, ऊन कलले की थोरली येते. माझ्याकडून पुढे कुठे जायचे नसते, म्हणून पाय न धुताच माझ्या खोडाला टेकून बसते. टाचांना चिकटलेली उताराची ओली माती हळूहळू वाळते आणि खपली सुटून माझ्या बुंध्याशी पडते. त्यात माझ्या लेकरांचे काही असते की नाही, मला माहीत नाही. तरी त्या बाजूला मी एक नवे मूळ पाठवले आहे.